कर्टचं केवढं कौतुक

शनिवारी सकाळी कर्ट ऑस्बी आपल्या अडीच वर्षांच्या जुळ्यांना घेऊन सुपरमार्केटात शिरला की वरात आल्यासारखी माणसं वळून बघत. ट्रॉलीत पुढे टिल्डा, मागे ऑगी आणि ढकलायला उंचापुरा कर्ट. वर्षानुवर्षं बोटी विकून त्याच्या आवाजाला एक गोडवा आला होता.

"अगंबाई, दोघांना एकटा घेऊन आलास?"

"आज बायकोला सुट्टी दिलीस वाटतं!"

मांसाच्या काउंटरवरची बाई मुलांना चीजचा एकेक तुकडा द्यायची आणि तिसरा, जरा मोठा, कर्टला. कर्ट मान खाली घालून म्हणायचा, "अहो, त्यात काय एवढं." हे तो इतकं सुरेख म्हणायचा की ऐकणारीला वाटावं, त्यात फारच काहीतरी आहे.

त्या वेळी सुट्टीवर असलेली त्याची बायको, मार्नी, घरात भिंतीवरची लापशी खरवडत असायची. त्याआधी तिने दोन्ही मुलांना बर्फाचे जाड कपडे चढवलेले असत. एकाचे बूट घालेपर्यंत दुसरी आपले काढून फेकायची. मग पिशवीत डायपर, जादा पॅन्ट, ओले रुमाल आणि दोन कप भरायचे, मुलांना गाडीत बांधायचं आणि शेवटी पिशवी कर्टच्या खांद्याला अडकवायची, कारण ती दारातच विसरून जायची त्याला फार सवय होती. आठवड्यातले चार दिवस मार्नी दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची. तिथे निदान माणसं सांगितल्यावर तोंड उघडत.

तीही मुलांना घेऊन त्याच दुकानात जायची, नाही असं नाही. महिन्यापूर्वी ऑगीने केळ्यांच्या ढिगापाशी लोळण घेतली होती. तेव्हा मांसवाल्या बाईने मान लांब करून पाहिलं आणि म्हणाली, "झोप झालेली दिसत नाही बिचाऱ्याची." त्या दिवशी चीज कोणालाच मिळालं नाही.

कर्ट घरी परतायचा तो फुगूनच. "आज दोघं काय शहाण्यासारखी बसली, मार्न! माझ्याबरोबर ती शांत असतात. तू जरा ताण घेतेस ना, तो मुलांना कळतो बघ."

मार्नीच्या हातात लापशी खरवडायचा झारा होता. तो तिने जपून ओट्यावर ठेवला.

पुढे एकदा गावच्या लायब्ररीतल्या बेव्हने कर्टला बिस्किटांच्या रांगेत गाठलं. गावातल्या आयांसाठी येत्या शनिवारी एक कार्यक्रम होता आणि तिला वक्ता हवा होता. विषय तिने आधीच ठरवून टाकला होता: 'बाबा असावा तर असा'. कर्ट तीनदा नाही म्हणाला, म्हणजे चौथ्यांदा हो म्हणायला मोकळा झाला.

रात्रीच्या जेवणाला तो काट्याने नूडल्स टोचत विचारात पडला होता.

"मार्न, ही दोघं सकाळी काय खातात गं? म्हणजे साधारण. लोक विचारतील."

"साधारण भिंतीला लावतात. उरलं तर खातात."

"आणि रात्री उठून रडतात तेव्हा आपण काय करतो?"

"आपण?" मार्नी म्हणाली. "आपण घोरतो."

कर्ट हसला. त्याला वाटलं, भाषणात घालण्याजोगा विनोद आहे. तो पुटपुटत पाठ करू लागला, तेव्हा मार्नीच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. ती अगदी मायेने म्हणाली, "शुक्रवारी दुपारी मी डुलुथला जोलीनकडे जाते. शनिवारी संध्याकाळी येईन. भाषणाला ताजा अनुभव हवा ना."

"म्हणजे मी एकटा?"

"एकटा कसा? तिघं आहात की."

कर्टच्या चेहऱ्यावरून एक ढग गेला, पण कौतुकाची सवय वाईट. छाती पुढे काढून तो म्हणाला, "जा तू बिनधास्त. तुला विश्रांती हवीच आहे." मूत्रपिंड दान करणारी माणसंसुद्धा इतक्या उदार चेहऱ्याने बोलत नसतील.

शुक्रवारी ती डुलुथला बहिणीच्या, जोलीनच्या घरी कोट काढते न काढते तोच फोन आला.

"टिल्डा दूध पीत नाहीये."

"कुठल्या कपात दिलंस?"

"कपात. कप म्हणजे कप."

"झाकण निळं आहे का?"

पलीकडून टिल्डाची किंकाळी.

"तिला हिरवं लागतं, कर्ट."

"हे मला कधी कोणी सांगितलं नाही!"

"ती सांगते की. रोज सकाळी. जमिनीवर पडून."

जोलीनने सूप वाढलं. दोन घोट झाले नाहीत तोच पुन्हा फोन. "ऑगीने पॅन्ट काढलीय आणि घालू देत नाही. टेबलाखाली जाऊन बसलाय. काय करू?"

"तू बोटी विकतोस ना? मग त्याला पॅन्ट विक."

जोलीनला ठसका लागला. तिसऱ्या फोनला कर्टच्या आवाजातला गोडवा पार आटला होता. "आईला बोलावलं मी. म्हटलं, तासभर ये. तर म्हणाली, अरे, तुला कशाला लागतं कोणी, तू मुलांमध्ये किती छान रमतोस, सगळा गाव सांगतो. आणि ठेवला फोन! पत्ते खेळायला गेली असेल."

"खरंच की. सगळा गाव सांगतो," मार्नी म्हणाली.

त्यानंतर फोन आलाच नाही. मार्नीने खुशाल पाय पसरून बसावं, तर तिचं लक्ष सारखं फोनकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी जोलीन धिरडी करत होती.

"तुला ते भाषण ऐकायला जायचंय," ती पाठमोरीच म्हणाली.

"मुळीच नाही."

"मग बूट का घातलेत?"

मार्नी गेली. काळजीने गेली असं तिने जोलीनला सांगितलं, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण हायवेला लागल्यावर तिने स्वतःशी कबूल केलं की कर्ट तोंडावर आपटलेला तिला बघायचा होता. शक्यतो पहिल्या रांगेतून. ती पोचली तेव्हा पहिली रांग भरलेली होती, म्हणून ती मागे, नकाशांच्या कपाटाला टेकून उभी राहिली.

खुर्च्या बायकांनी भरल्या होत्या. पुढे मधोमध कर्टची आई, आर्डिस, ठेवणीतला स्वेटर घालून बसली होती. बेव्ह घड्याळाकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत होती. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

कर्टचा स्वेटर उलटा होता आणि खांद्यावर काहीतरी वाळलेलं होतं. टिल्डा झोपायच्या झग्यावर, पायात दोन वेगळे बूट. ऑगीची पॅन्ट शेवटपर्यंत विकली गेलेली दिसत नव्हती. त्याने लोकरी मोज्यांवर पोहायची चड्डी घातली होती आणि हातात सूप वाढायचा डाव होता. बाहेर बर्फ होतं, आणि दोघांचे उघडे हात बिटासारखे लाल झाले होते.

मार्नीचा जीव कळवळला. लागलीच तिला आनंदही झाला. आता कळेल सगळ्यांना, ती मनात म्हणाली.

कर्ट माइकसमोर उभा राहिला. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. "मी..." तो म्हणाला. मग पुन्हा, "मी. काल रात्री त्यांना कोरडे कॉर्नफ्लेक्स दिले. ताटलीत नको म्हणाले, म्हणून जमिनीवर ओतले. मग मीही तिथंच बसून खाल्ले. आज सकाळी मी गाडी सुरू केली आणि लक्षात आलं, मुलं घरातच आहेत."

मग पहिल्या रांगेतून "अगं बाई गं!" असा लाडिक सूर निघाला आणि हसण्याची लाट उठली. हसणं चेष्टेचं नव्हतं. ते ऊबदार होतं, लोण्यासारखं.

"किती प्रामाणिक!" मार्नीच्या पुढ्यातली बाई शेजारणीला म्हणाली. "आमचा कबूल तरी करेल का?"

टिल्डाने बाहुल्यांची पेटी उपडी केली. ऑगीने माशांच्या टाकीवर डाव वाजवायला घेतला. "मोकळी वाढवलीयत हो मुलं," दुसरी म्हणाली. "धाकाचं नाव नाही." मार्नीला केळ्यांचा ढीग आठवला. तिथे 'मोकळी वाढवलीयत' असं कोणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात टिल्डाला आई दिसली. "मम्मा!" दोघं खुर्च्यांखालून, लोकांच्या पायांमधून धावत आली आणि तिच्या पायांना लोंबकळली. सगळ्या माना मागे वळल्या. आर्डिस तर उठूनच उभी राहिली.

"मार्नी! अगं, हात बघ त्यांचे! या थंडीत मुलांना हातमोजे नकोत? कर्टीच्या स्वाधीन करून जायचं, तर निदान सामान तरी नीट काढून ठेवायचंस!"

आत्तापर्यंत विरघळलेले चेहरे एकदम थिजले. कोणीतरी हळहळून चुकचुकलं. मार्नीने तोंड उघडलं, पण त्यातून जे बाहेर पडलं असतं ते लायब्ररीत बोलण्याजोगं नव्हतं, म्हणून तिने ते मिटलं.

"आई, खाली बस," माइकमधून कर्टचा आवाज आला. "हातमोजे दाराशीच होते. तिने काढून ठेवले होते. मी विसरलो. मी सगळंच विसरलो. मला कपाच्या झाकणाचा रंग माहीत नव्हता. तुम्ही मला शनिवारी दुकानात बघता ना, ती मुलं आंघोळ घालून, खाऊ घालून, कपडे चढवून मिळतात मला. मी नुसती ढकलतो. अडीच वर्षं झाली, मी नुसता ढकलतोय."

त्याचे डोळे भरून आले होते. जागरणाने असतील, पण भरले होते. असा खरं बोलणारा कर्ट मार्नीने लग्नाआधी पाहिला होता, आणि तो कुठे गेला याची चौकशी करणंही तिने सोडून दिलं होतं.

आणि टाळ्या पडल्या.

साध्यासुध्या नव्हेत. बायका उभ्या राहिल्या. बेव्हने छातीवर हात ठेवला. "बायकोला भर सभेत श्रेय देणारा नवरा!" ती म्हणाली. आर्डिस रुमालाने डोळे टिपत चहूकडे सांगू लागली, "लहानपणापासून असाच मोठ्या मनाचा." पुढ्यातल्या बाईने वळून मार्नीचा दंड दाबला. "नशीब काढलंस हो पोरी. जप त्याला."

कर्ट माइकमागे भेदरून उभा होता. "नाही, तुम्हाला कळलं नाही, मी चांगलं म्हणून नाही सांगत..." त्यावर पुन्हा टाळ्या. विनयालाही टाळ्या. दलदलीतून पाय काढावा तर दुसरा रुतावा, तसा त्याचा चेहरा झाला. सगळ्यांच्या डोक्यांवरून त्याने मार्नीकडे पाहिलं. त्या नजरेत काकुळती होती: बघ, मी खरंच प्रयत्न केला.

मार्नीला हसू फुटलं. इतकं की कपाटाला धरून ती खाली बसली, आणि दोन्ही मुलं खेळ समजून तिच्या अंगावर पडली. लोकांना वाटलं, आनंदाने रडतेय. कोणीतरी कागदी रुमाल पुढे केला.

डोळे पुसता पुसता तिच्या मनात आलं की या गावाकडे कर्टसाठी कौतुकाची विहीर आहे. ती बुजवणं आपल्या हातात नाही. पण तिला मोटर बसवता येईल.

ती उठली आणि बेव्हकडे गेली. "असं दर शनिवारी का नाही करत? सकाळभर. कर्ट मुलांना घेऊन येईल, बाकीचे बाबाही आपापली आणतील. त्याला फार हौस आहे."

"दर शनिवारी?" बेव्हचे डोळे चमकले.

"मार्न..." कर्ट म्हणाला.

"आणि बुधवारी संध्याकाळी तुमच्याकडे गोष्टींचा तास असतो ना? तोही घेईन म्हणत होता तो."

बेव्हने तिथल्या तिथे माइक घेऊन जाहीर करून टाकलं. सगळे कर्टकडे बघत होते, आणि सगळे बघत असताना नाही म्हणणं त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

मार्नी तेवढ्यावर थांबली नाही. चर्चमध्ये तिने सहज सांगितलं की मुलांना रात्री अंघोळ घालण्याचा मान कर्ट कोणाला देत नाही. मुलांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं की इथून पुढे सगळ्या तपासण्यांना तोच येईल, त्याचा हट्ट आहे. कौतुक आधी घरी येऊन बसायचं आणि मग कर्टला त्याच्या मागे धावत ते काम करावं लागायचं. पहिले काही आठवडे तो चिडला. मग चिडायला वेळ पुरेना. वसंत संपेपर्यंत त्याला ठाऊक झालं होतं की झोप आली की टिल्डा चावते, आणि बाहेरच्या संडासातल्या हात वाळवायच्या यंत्राच्या आवाजाला घाबरून ऑगी तसाच उघडा पळत सुटतो, म्हणून तिथे त्याची पॅन्ट नेहमी हातातच धरायची असते.

एकदा बुधवारी रात्री तो मुलांना झोपवून आला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच पाणी प्यायला.

"सगळे टाळ्या वाजवतात, मार्न," तो म्हणाला, "आणि डायपर बदलायला एकही पुढे येत नाही."

"हं."

"तुला तर टाळ्याही नव्हत्या."

मार्नीने आपल्या सँडविचचा अर्धा भाग त्याच्याकडे सरकवला. तो मोठा अर्धा नव्हता. इतक्यात तिथवर जायची तिची तयारी नव्हती.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी आर्डिसचा फोन आला. मार्नी सोफ्यावर आडवी होती, पाय उशीवर, खिडकी उघडी, घरात कोणीही नाही.

"मार्नी, मला राहवत नाही म्हणून बोलते," सासू म्हणाली. "काल कर्टी दिसला. वाळून काटकी झालाय गं पोर! डोळे खोल गेलेत. सगळं त्याच्याच अंगावर. तू घरात काही करतेस की नाही?"

"नाही, आर्डिस," मार्नी म्हणाली. "तुम्हाला खोटं कशाला सांगू? काही करत नाही."

आणि फोन ठेवून ती कुशीवर वळली.