पहिला घोट तांडेलाचा

सातपाटीचा कमलाकांत, मासेमारी बोटीचा तांडेल म्हणजे कप्तान, बहात्तरीला आला, तरी बोटीचं सुकाणू त्यानं मुलाच्या, कुंदनच्या, हाती दिलं नव्हतं. त्याला रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हा बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होतात. कोवळ्या पेशींना एक प्रथिन जगवतं, आणि वेळ भरली की पेशी आपणहून मरतात.

"तुमच्या बिघडलेल्या पेशी त्या प्रथिनाला धरून बसल्यात. वेळ झाली तरी हटत नाहीत. ही गोळी त्यांचा आधार काढते."

गोळ्या घेऊन कमलाकांत घरी आला. ओट्यावर टेकल्यावर त्यानं डोळे बारीक करून कुंदनकडं पाहिलं.

"वेळ झाली तरी जागा सोडत नाय, त्याला मारायची गोळी. तूच सांगून लिहून घेतलीस नं?"

"बाबा, ती पेशींसाठी हाय."

"पेशींना काय ठाऊक, पेशी कोन नि तांडेल कोन? आदी तू खाऊन दाखव."

कुंदन शांतपणे म्हणाला, "बोटीवर नवं पानी भरलं की पयला घोट कोन घेतो?"

"तांडेल. पानी खराब असंल तर त्याला आदी कळाया पायजे."

"मग आना इकडं, मी खातो. पन उद्यापासून तांडेल मी."

कमलाकांतनं गोळी झटकन तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी रिचवलं. तोंड पुसत त्यानं संशयानं विचारलं, "रोज घ्यायची हाय?"

"रोज," कुंदन म्हणाला. "आनि मी रोज मागनार."