धाकटीची टाकी

थोरली दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात दात रोवायचे आणि घरी आली की खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे बसायचं, हा तिचा नऊ वर्षांचा क्रम. मीठ मोजून, पाणी वेळच्या वेळी बदलून, काचेवरचं शेवाळ खरवडून तिनं प्रवाळ जपले होते. बोटभर वाढायला त्यांनी तीन वर्षं घेतली.

धाकट्या बहिणीनं दीड वर्षापूर्वी हौस म्हणून टाकी घेतली. पाणी तपासायची ती आठवण झाली तर. तरी तिचे प्रवाळ दृष्ट लागावी असे फोफावले, जांभळे, पोपटी, फांद्याफांद्यांचे. थोरलीच्या पोटात दुखू लागलं. तेही तिनं सोसलं असतं, पण बाबांचं वागणं सोसवेना. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस तिच्या टाकीपुढे कधी दहा मिनिटं बसला नव्हता. आता दर रविवारी धाकटीकडे जायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि जेवायला चारदा हाका माराव्या लागायच्या.

"तुझीपण छान आहे गं," ते थोरलीला म्हणाले, "पण हिची बघतच राहावीशी वाटते."

थोरली हसली. घरी येऊन तिनं पातेलं इतकं घासलं की नवऱ्यानं विचारलं, "त्यानं काय केलंय तुझं?"

धाकटीच्या वाढदिवसाला थोरलीनं समुद्रफूल नेलं, फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा समुद्रातला जीव. तिच्याकडच्याचे दुभागून दोन झाले होते. त्यातलं एक, दगडासकट.

"अगंबाई! ताई, कुठं ठेवू?"

"उजेड भरपूर लागतो त्याला. वरच ठेव, मधोमध."

उजेडाचं खरं होतं. पण जागा पटली नाही की समुद्रफूल चालू लागतं, आणि त्याच्या सोंडा ज्या प्रवाळाला लागतील तो भाजून निघतो, हे तिनं सांगितलं नाही. स्वतःकडे तिनं त्याचा खडक चहूबाजूंनी वाळू सोडून एकटा ठेवला होता, पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला होता. सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "आता तर हिची टाकी आणखीच खुलणार," आणि थोरलीनं केकचा मोठा घास तोंडात कोंबला.

वाढदिवसानंतर बाबा धाकटीकडेच राहिले होते. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "अगं, ते चालतं! सकाळपासून चार बोटं सरकलंय!" लहान मुलासारखे खूश होते.

शुक्रवारी धाकटीचा आला. "ताई, पोपटी प्रवाळ एका अंगानं पांढरा पडलाय. माझं काय चुकलं गं?"

थोरलीच्या मनात आधी आलं ते 'बरं झालं'. अगदी लख्ख. पाठोपाठ फोनमध्ये मागून बाबांचा आवाज ऐकू आला, "थोरलीला बोलाव. तिच्याइतकं कुणाला कळतंय यातलं?"

इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला ती तरसली होती. आता ते कानाखाली बसल्यासारखं बसलं.

नखांत मेण तसंच ठेवून ती निघाली. पोचली तेव्हा समुद्रफूल पंपापासून वीतभर होतं. आत ओढलं गेलं असतं तर त्याचा चुरा होऊन सगळी टाकी नासली असती. तिनं पंपाचं बटण बंद केलं, बाही वर सारली आणि नखाच्या कडेनं समुद्रफुलाचा तळ दगडावरून हळूहळू सोडवला. वीस मिनिटं लागली. बाबा भिंग हातात धरून उभे होते.

"वाचवलंस बाई," धाकटी म्हणाली.

"मला माहीत होतं," थोरली म्हणाली. हात अजून पाण्यातच होता. "हे फिरतं, भाजतं, सगळं माहीत होतं. मुद्दाम बोलले नाही. तुझी टाकी मला बघवत नव्हती."

धाकटीनं एक बादली पुढे केली. "घेऊन जा ते." एवढंच. बाबा खिडकीकडे गेले.

दोन महिने बोलणं बंद होतं. मग थोरलीनं आपल्या सर्वांत जुन्या प्रवाळाची फांदी कापली आणि न कळवता गेली. दार धाकटीनंच उघडलं.

"आत येऊ?"

"आलीच आहेस तर ये."

पांढऱ्या पडलेल्या जागी कडेनं पोपटी कोंब फुटले होते. दोन महिन्यांत एवढे! थोरलीचं नाक आपसूक आक्रसलं.

"परत जळलीस ना?" धाकटी म्हणाली.

"हो. खूप."

धाकटीला हसू आवरलं नाही, पण लगेच तिनं तोंड सरळ केलं. फांदी हातात घेऊन उजेडात धरली. "ही कुठं लावायची? आणि या वेळी सगळं सांग. एक अक्षर गाळायचं नाही."

थोरली सांगत गेली, अगदी बारीकसारीकही. धाकटीनं कागद घेऊन सगळं लिहून काढलं, आणि शेवटी थोरलीकडून ते परत वाचून घेतलं.