आत्याची फुंकर

"फुंक! पोटातलं पाप बाहेर येऊ दे!" श्वासबाबा गरजले. हॉलमधली दोनशे माणसं माना उंचावून बघायला लागली. एकानं नळीतून ग्लासात फुंकर मारली आणि नितळ पाणी बघता बघता दुधासारखं झालं. "रक्त खोटं बोलतं, श्वास नाही! एचआयव्ही ओळखायला डॉक्टरांना सहा आठवडे लागतात, मला सहा फुंकरी!"

मी मागच्या भिंतीला टेकून दातओठ खात उभी होते. मी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी करते. आत्यानं आज सकाळी मला चमत्कार बघायला मुद्दाम बोलावलं होतं, आणि चमत्कार होणार होता माझ्या सख्ख्या धाकट्या भावावर.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. कामासाठी परगावी गेला आणि रविवारी रात्री एका अनोळखी बाईबरोबर झोपला, निरोध न वापरता. सोमवारी सकाळी माझ्यापुढे येऊन उभा. मी म्हटलं, "बावळटा, अजून वेळ आहे. बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या आणि अठ्ठावीस दिवस घेतल्या, तर लागण बहुतेक टळते. आत्ता चल."

"तिथं रांगेत सगळे ओळखीचे असतात गं ताई. उद्या येतो."

उद्या कुठला यायला! फोन बंद, घराला कुलूप. आम्हाला लहानाचं मोठं करणाऱ्या आत्यानं त्याला सोमवारीच इथं आणून बसवलं होतं. पहिल्या फुंकरीला पाणी पांढरं झालं. उपाय काय, तर तीन दिवस इथंच राहून बाबांचं पाणी प्यायचं, बाहेरचं औषध शिवायचं नाही. तीन दिवस म्हणजे बहात्तर तास! मेल्यानं मोजूनमापून घात केला.

आज चौथा दिवस. भावानं फुंकर मारली, पाणी नितळच राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊ हुंदके देऊन रडला. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. "बाबा, मलाही आशीर्वाद द्या!" म्हणत तिनं जवळच्या तबकातला ग्लास उचलला आणि जीव खाऊन फुंकर मारली. ते तबक नव्या माणसांसाठी होतं.

पाणी पांढरं झालं.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पन्नास वर्षं विधवा. बाबा गडबडले, पण जीभ सवयीनं चाललीच, "आजी, जुनं पाप आहे. लपवू नका." कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळाच हॉल हसला. "म्हातारी छुपी रुस्तम निघाली की!" आत्या मटकन खाली बसली. "देवाशप्पथ, मी काही केलं नाही हो," असं एकेकाचे पाय धरून सांगू लागली.

माझा ताबा सुटला. त्याच तबकातला ग्लास घेऊन मी फुंकलं. पांढरा. पुढच्या रांगेतल्या पाच वर्षांच्या पोरीला म्हटलं, "ओढू नकोस हं, नुसती फुंक." पांढरा.

"हिनं कुठं शेण खाल्लं, बाबा? आता तुम्ही फुंका!"

बाबांनी तोंड घट्ट मिटलं.

"अहो, ही चुन्याची निवळी आहे! भिंतीचा चुना पाण्यात कालवा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी घ्या. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं ते पांढरं होतं. कुणाच्याही! आणि बरा झालेल्याच्या ग्लासात असतं नळाचं पाणी!"

लोक दोन्ही तबकांवर तुटून पडले, फुंकून बघायला लागले. तेवढ्यात बाबा मागच्या दारानं पसार झाले. आत्याची माफी मात्र एकानंही मागितली नाही.

"ताई," भाऊ म्हणाला, "मग आता त्या गोळ्या दे ना."

मी घड्याळ बघितलं. मुदत काल रात्रीच संपली होती.

सहा आठवड्यांनी त्याच्या बोटातून मीच रक्त काढलं. तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं. तिन्ही पॉझिटिव्ह. आता तो रोज गोळी घेतो, कामावर जातो. गोळी चुकवली नाही तर चांगला म्हातारा होईल. पण अठ्ठावीस दिवसांचं औषध जन्माचं झालं. आत्या अजून विचारते, "अगं, पण त्याचा ग्लास नितळ होता ना?"

हे सगळं त्याला विचारून लिहिलं आहे. लाज वाटत असेल तर तोंडाला रुमाल बांधून या, पण त्याच दिवशी या. तुम्ही कुणाबरोबर होतात हे आम्ही बघत नाही, किती तास झाले तेवढं विचारतो.