‘शेवटचा’ म्हणायचं नाही!

मित्रांनो, मी एक जुना डबल बास आहे. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा ना! माणसाहून उंच, पोटाने मोठा, आवाजाने खोल. माझ्या पोटावर भेग बुजवल्याची एक लांब खूण आहे. ती मी लपवत नाही.

फ्रान्सच्या उत्तरेला कापडगिरण्यांचं एक गाव आहे. तिथल्या कामगारांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी विटा वाहून एक संगीतसभागृह उभं केलं आणि गावाचा वाद्यवृंद सुरू केला. माझा जन्म त्या वाद्यवृंदासाठी झाला. पुढे युद्ध आलं. परक्या सैन्याने सभागृहाचं कोठार केलं. वादकांनी मला कापड रंगवायच्या रिकाम्या हौदात गोणपाटाखाली दडवलं. सैन्य गेलं त्याच दिवशी, काचा फुटलेल्या सभागृहात ओव्हरकोट घालून ते पुन्हा वाजवायला बसले. तेव्हापासून मला एक खोड जडली. कुणी गप्प बस म्हटलं की माझा आवाज चढतो!

मग गिरण्या बंद पडल्या. सभागृहाचं छप्पर गळू लागलं. वर्षानुवर्षं नगरपालिकेने ते दुरुस्त केलं नाही, आणि मग तिथलीच मंडळी म्हणू लागली, “इमारत धोकादायक आहे, पाडा.”

अशातच २०१४ साली आम्हाला सिंगापूरच्या एका सभागृहाचं आमंत्रण आलं. माझी वादक होती साठीच्या घरातली ओदील. आम्ही इथे सिंगापुरात पोचलो, पण इथल्या दमट हवेत माझं लाकूड फुगलं आणि पोटाचा सांधा उकलला. पहिल्याच तालमीत मी खरखरलो.

नगरपालिकेने पाठवलेले दौऱ्याचे व्यवस्थापक म्हणाले, “याला इथेच सोडा. दुसरा बास मागवू. नगरपालिकेने कालच ठरवलंय, सभागृह पाडायचं आणि वाद्यवृंद बंद करायचा. हा तर भंगारातच निघालाय.”

“हा वाजणार नसेल, तर मीही नाही,” ओदील म्हणाली.

रंगमंचाची व्यवस्था बघणाऱ्या मेधाताई शेजारीच उभ्या होत्या. मूळच्या पुण्याच्या, आता सिंगापूरच्याच टॅम्पिनीस भागात राहणाऱ्या. त्या वळल्या, ते ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या सौमित्रकडे. हा इथल्याच बुकित पंजांगमध्ये लहानाचा मोठा झालेला, बोलताना सिंगापुरी ‘ला’ जोडणारा.

“सौमित्र, पाया लेबारला, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या लिम अंकलकडे जायचंय. व्हॅन आण.”

“ताई, शो उद्या आहे ला! ग्लू कधी सुकणार?”

“म्हणून तर आत्ता निघायचं.”

लिम अंकलनी सरस लावून माझं पोट शिकंज्यांत आवळलं. दुसऱ्या दिवशी मला सोडताना ते म्हणाले, “हळू वाजवा.”

“हळू? आज?” ओदील हसली.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. घोषणा मेधाताई करणार होत्या. व्यवस्थापकांनी त्यांना बजावलं, “हा या वाद्यवृंदाचा शेवटचा कार्यक्रम आहे, असं सांगा. आणि नगरपालिकेचे आभार माना.”

मेधाताईंनी ओदीलला विचारलं, “तुम्ही खरंच वाजवणं थांबवणार आहात?”

“आम्हाला कुणी विचारलंच नाही. आमच्यातला एकही जण वाजवणं थांबवणार नाही.”

मेधाताईंनी माइक घेतला. वाद्यवृंदाचं आणि गावाचं नाव सांगितलं. कामगारांनी वाहिलेल्या विटांची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाल्या, “हा त्यांचा सिंगापुरातला पहिला कार्यक्रम आहे. शेवटचा नाही.”

व्यवस्थापक लालबुंद झाले. “मी तुमची तक्रार करीन!”

“जरूर करा. मेधा करमरकर. स्पेलिंग सांगू?”

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी असा वाजलो की समोरच्या खुर्च्यांचे पाय थरथरले. श्रोते उभे राहिले आणि कितीतरी वेळ बसलेच नाहीत.

सगळं गोड झालं असं समजू नका. तक्रार झाली. मेधाताईंना काही महिने रंगमंचावरून हटवून ऑफिसात बसवलं. त्यांनी माफी मागितली नाही. फ्रान्समधलं ते सभागृह पाडलंच. ते ऐकलं तेव्हा माझ्या तारा आपोआप सैल पडल्यासारख्या वाटल्या. पण वादक पांगले नाहीत. एका बंद गिरणीच्या शेडमध्ये ते वाजवू लागले, आणि आजही वाजवतात.

मला मात्र परत न्यायला व्यवस्थापक तयार नव्हते. ओदीलने माझा गज मेधाताईंच्या हातात दिला. “भंगारच ना? मग तू घे. पण कोपऱ्यात ठेवू नकोस, शीक!”

पन्नाशी जवळ आलेल्या मेधाताई शिकल्या. सुरुवातीला शेजारी दार ठोठावायचे. आता टॅम्पिनीसच्या हौशी वाद्यवृंदात आम्ही दोघं मागच्या रांगेत उभे असतो, आणि तेच शेजारी ऐकायला येतात.

मित्रांनो, तुमच्या शाळेत एखादं जुनं वाद्य धूळ खात पडलं असेल तर त्याला ओलीपासून जपा, त्याच्या तारा पुसा, त्याची भेग वेळीच सांधा. आणि मुख्य म्हणजे, ते वाजवा. न वाजवता नुसतं जपणं म्हणजेही त्याला गप्प करणंच आहे. माझं म्हणाल, तर मी अजून सुरात आहे. ज्याला मला भंगारात काढायचं असेल, त्याने आधी माझ्या खर्जासमोर उभं राहून दाखवावं!