बादलीचं तेज

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक टकला माणूस स्वतःचा फोटो दोन्ही हातांनी उंच धरून ढसाढसा रडत होता आणि खालची गर्दी माना ताणून बघत होती. फोटोत त्याच्या डोक्याभोवती नारिंगी झळाळी होती. मागच्या महिन्यातल्या फोटोत ती नव्हती. म्हणजे आजार गेला. त्याने खिशातला ऑपरेशनचा कागद काढला, टराटरा फाडला आणि कडेला ठेवलेल्या बादलीत टाकला. गर्दी गहिवरली. बादली निम्मीअधिक भरली होती.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई गर्दीत बसून त्या बादलीतले कागद मोजत होत्या. शेजारी त्यांची धाकटी बहीण बसली होती. तिच्या स्तनात गाठ होती. डॉक्टरांनी येत्या सोमवारचं ऑपरेशन ठरवलं होतं आणि ती चिठ्ठी धाकटीच्या घामेजल्या मुठीत होती. मागच्या खेपेला काढलेला तिचाही फोटो आज मिळणार होता.

“डॉक्टरचं यंत्र हाडं बघतं, बाळांनो,” व्यासपीठावर गादीवर बसलेला बाबा गळ्यात मध ओतल्यासारखं बोलत होता. “आमचं यंत्र तेज बघतं. एकदा तेज उमटलं की रोगाने गाशा गुंडाळला. मग त्याला सुरी लावाल, तर विझवून बसाल.”

हे ज्ञान सांगणाऱ्याला चष्म्याशिवाय भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं.

बाबाचा फोटोग्राफर शिष्य दोन कॅमेरे वापरतो, हे बाईंनी मागच्या खेपेलाच हेरलं होतं. पहिला फोटो काळ्या कॅमेऱ्याने. ‘बरं झाल्याचा’ फोटो चंदेरी कॅमेऱ्याने, आणि तोही बाबाने कॅमेरा खिडकीशी धरून त्याला ‘ऊन पाजल्यावर’. बाईंनी घरी हे सांगितलं तेव्हा धाकटी एवढंच म्हणाली होती, “ताई, तुला सगळ्यांत खोट दिसते. मला जगायचंय.” म्हणून बाई आज सोबत आल्या होत्या.

धाकटीचा पुकारा झाला. दोघी वर गेल्या. फोटोत धाकटीच्या केसांमागे नारिंगी उजेड पसरला होता. तिचे डोळे भरून आले. मूठ उघडली. चिठ्ठी फाडायला तिने दोन्ही हातांत धरली.

“थांब गं जरा,” बाई म्हणाल्या आणि बाबाकडे वळून अगदी गोड आवाजात त्यांनी निगेटिव्ह मागितली. फोटो भिंतीएवढा मोठा करून घरात लावायचा होता म्हणे. शिष्य चुळबुळला. पण भिंतीएवढा म्हटल्यावर बाबा फुलला होता. दे रे, म्हणाला. घाईत शिष्याने पाकिटातली अख्खी पट्टीच दिली.

बाईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि धाकटीला जवळ ओढलं. “निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. उजेड पडतो तिथे काळं. हा काळा डाग म्हणजे तुझं तेज. आता बघ, लेन्समधून आलेलं चित्र या चौकटीतच पडतं. बाहेरच्या कोऱ्या पट्टीवर, कडेच्या भोकांपर्यंत लेन्समधून काही पोचत नाही. डाग मात्र तिथवर गेलाय. तो तुझ्यातून आलेला नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाला फट आहे, तिथून ऊन आत घुसलंय.”

“चौकटीत मावलं नसेल, ताई,” धाकटी हळूच म्हणाली.

बाईंनी पट्टीची सुरुवात तिच्यासमोर धरली. नवा रोल घातला की पुढच्या टोकाला उजेड लागलेला असतो. ते टोक सरकवायला फोटोग्राफर समोर असेल त्यावर दोनतीनदा बटण दाबतो. पहिली चौकट नुसती काळी होती. दुसरीत धाकटीला उचलायची कडी दिसली, खाली फाटक्या कागदांचा ढीग, आणि वर तोच काळा डाग.

“इथेही तेज आहे,” ती डागावर बोट ठेवून म्हणाली.

“कोण बरं झालं?” पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं.

“बादली,” धाकटी म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबाने डोळे मिटून सांगितलं की कणाकणात तेज असतं.

“असेल. पण बादलीचा कोणता रोग गेला, तेवढं सांगा.” धाकटीने शिष्याच्या गळ्यातला चंदेरी कॅमेरा हातात धरला. मागचं झाकण घट्ट बंद होतं. तिने ऑपरेशनच्या चिठ्ठीचा कोपरा झाकणाच्या कडेशी टेकवला आणि ढकलला. तो अलगद आत गेला. ज्या फटीतून कागद जातो, तिथून ऊन का जाणार नाही? शिष्याने घाईघाईने फटीवर हात ठेवला. नास्तिकांमुळे समाधी भंगली, असं पुटपुटत बाबा मागच्या दाराने सटकला.

चिठ्ठी घडी करून धाकटीने पदराच्या टोकाला बांधली. “सोमवारी तू येशील ना, ताई?”

“आदल्या रात्रीच येते.”

खाली वळून बघितलं तर टकला माणूस गुडघे टेकून बादलीत हात घालून आपले तुकडे शोधत होता. रांगेतले काही तरीही जागचे हलले नव्हते. बाबा परत येईल म्हणून बसले होते.

त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दवाखान्यातून दुसरा कागद मिळतो. वाया गेलेला महिना कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. कुणी तुम्हाला चमत्काराचा फोटो दाखवला, तर आधी निगेटिव्ह मागा. आणि ती बघून होईपर्यंत हातातला कागद फाडू नका.