दोन चाके फूटपाथवर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. राखाडी रंगाची, चार दारांची. त्यांतले मागचे डावे दार आतून उघडत नाही, बाहेरून कोणीतरी उघडावे लागते. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मी अजून चालते. पण गाडीच्या आयुष्यात चालणे थोडे आणि उभे राहणेच फार. माझी ही गोष्टही उभ्या राहण्याचीच आहे.

माझे मालक दातांच्या कवळ्या तयार करतात. गल्लीत त्यांना सगळे 'दातवाले' म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे काम चालते. दवाखान्यांतून साचे येतात. मालक त्यांत प्लॅस्टर ओततात, ते सुकले की घासतात, एकेक दात बसवतात आणि तयार कवळ्या डब्यांत घालून ज्याच्या त्याच्याकडे पोचवतात. त्या पोचवण्यासाठी त्यांनी मला घेतले. मी नवी आले त्या दिवशी शेजारीपाजारी मला बघायला जमले होते. मालकांच्या आईंनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, "लेकीसारखी सांभाळ हो हिला." मालकांनी सांभाळलेही. दर रविवारी ते मला स्वतः धूत. काच पुसताना तोंडाची वाफ सोडून डाग काढत. तेव्हा मी गल्लीबाहेर, जिथे जागा मिळेल तिथे उभी राहत असे आणि मालक तिथून हातात डबे घेऊन चालत घरी जात.

मग एके दिवशी मालकांच्या आई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यातून त्यांना घरी आणले त्या संध्याकाळी मालकांनी मला गल्लीत घेतले, चाक वळवले आणि माझी डावी दोन चाके फूटपाथवर चढवली. अगदी दारापर्यंत. आईला दोन पावलांत घरात नेता आले. तेव्हा कोणी काही बोलले नाही. कोण बोलेल? घरात माणूस आजारी होते.

आई आठ महिने जगल्या. त्या आठ महिन्यांत मी कितीदा त्यांना दवाखान्यात नेले आणि आणले. त्या गेल्या, घरातले त्यांचे अंथरूण उचलले गेले, औषधांच्या बाटल्या गेल्या. मी मात्र फूटपाथवरच राहिले. एक दिवस कामाची घाई होती, दुसऱ्या दिवशी ऊन होते, तिसऱ्या दिवशी कारणही लागले नाही. सवय अशीच अंगात मुरते. पाच वर्षे मुरली.

आमच्यापासून चार घरे सोडून एक म्हातारे जोडपे राहते. आजोबा पूर्वी घड्याळे दुरुस्त करीत. आजी शाळेत भूगोल शिकवीत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना 'बाई' म्हणते. केसांएवढ्या बारीक चाकांकडे बघून बघून म्हणा की वयाने म्हणा, आजोबांची दृष्टी हळूहळू गेली. आता त्यांना काहीच दिसत नाही. पण सकाळी सात वाजता नाक्यावरच्या बेकरीतून पाव आणायला ते एकटे जात. डावा हात भिंतीवर, उजव्या हातात पांढरी काठी. लोखंडी फाटक, मग विजेचा खांब, मग पाय पडला की खडखडणारे गटाराचे झाकण, अशा खुणांवरून त्यांची वाट ठरलेली होती. घड्याळवाल्याचे घड्याळ कधी चुकायचे नाही.

त्या वाटेत मी उभी होते.

पहिल्यांदा त्यांचे कोपर माझ्या आरशावर आपटले तेव्हा मला फार वाईट वाटले. वाटले, आता हे रागावतील, काठी मारतील. त्यांनी नुसता हात पुढे केला, माझे बॉनेट चाचपले आणि म्हणाले, "अरेच्चा, गाडी होय? बरं बरं." मग काठीने फूटपाथची कड शोधत ते खाली रस्त्यावर उतरले, मला वळसा घातला आणि पुन्हा वर चढले. त्यानंतर रोज तेच. बॉनेट गरम असले की म्हणायचे, "आत्ताच आलीस वाटतं?" गार असले की, "आज सुट्टी का गं?" इतक्या वर्षांत माझ्याशी बोलणारे ते एकटेच.

बाई मात्र बोलत नसत, लिहीत. माझ्या वायपरखाली एके दिवशी त्यांची चिठ्ठी आली. ठळक, गोल, फळ्यावरचे अक्षर. 'आपली गाडी भिंतीपासून चार बोटांवर उभी असते. माझे पती बारीक आहेत, पण इतके नाहीत. कृपया विचार व्हावा.'

मालक ते वाचून हसले. वाईट हसले नाहीत, ओशाळून हसले. त्यांनी मला भिंतीपासून हातभर लांब घेतले, आरसा दुमडला आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "बघ, आता हत्तीसुद्धा जाईल!" पण काठी फिरवत चालणाऱ्या माणसाला हातभर जागा पुरत नाही. दुसरी चिठ्ठी आली. तिसरी आली. पुढे मालक त्या न वाचता माझ्या दाराच्या खणात टाकू लागले. एकदा वाहतूक पोलिसांनी मला उचलूनही नेले. मालक दातओठ खात मला सोडवून घेऊन आले आणि वाटेत सगळा राग माझ्याच गिअरवर काढला. "गल्लीत दहा गाड्या वर चढवलेल्या असतात. माझीच बरी दिसली यांना!" ते खोटे नव्हते. पलीकडे रंगाऱ्याचा टेम्पो शिडीसकट फूटपाथवर असे. त्याच्या पुढे स्कूटर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असे सगळ्यांचेच चालले होते. आठ दिवस मी लांब उभी राहिले. नवव्या दिवशी पुन्हा तिथेच.

एक गोष्ट सांगायला मला आजही लाज वाटते. एका सकाळी मालक मला चालू करत होते आणि आजोबा जवळ येऊन थांबले. मान कलती करून त्यांनी माझे इंजिन ऐकले.

"दातवाले, हिचा पट्टा ओरडतोय. आज-उद्या तुटेल. बघून घ्या."

"तुम्हाला कसं कळलं हो?"

"आयुष्यभर टिकटिकच ऐकली की. वेगळं वाजलं की कळतं."

मेस्त्रीने झाकण उघडून पाहिले तर पट्टा खरेच धाग्यावर आला होता. मालकांनी आजोबांना घरी जाऊन धन्यवाद दिले, सोबत फळेही नेली. आणि परत येऊन मला पुन्हा त्यांच्याच वाटेत उभे केले. मित्रांनो, माझे मालक दुष्ट नाहीत. त्यांच्या मनात ही दोन टोके कधी एकत्र आलीच नाहीत, एवढेच. मला ओरडता आले असते तर मी तेव्हाच ओरडले असते. पण माझा भोंगासुद्धा दुसऱ्याच्या हातात.

मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी मालकांनी घाईघाईत मला इतके पुढे घेतले होते की माझे नाक विजेच्या खांबाला टेकले होते. सात वाजले. आजोबा आले. आरसा चाचपला, बॉनेट चाचपले. "आज फारच ऐसपैस बसलीस," म्हणाले. नेहमीच्या जागी ते खाली उतरले, पण नेहमीच्या जागी वर चढायला वाट सापडेना. खांबापुढे रंगाऱ्याचा टेम्पो होता. ते काठीने कड शोधत रस्त्यानेच पुढे निघाले. मागून एक डिलिव्हरीची गाडी आली. जोरात नव्हती. तिचा आरसा त्यांच्या खांद्याला लागला, आणि ते माझ्या पुढच्या चाकाजवळ हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. काठी घरंगळत माझ्या खाली आली.

मालक धावत बाहेर आले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लॅस्टरने पांढरे होते. क्षणभर त्यांना आजोबांना धरावे की हात धुवावेत हेच कळेना. मग त्यांनी तशाच हातांनी आजोबांना उचलून माझ्या पुढच्या सीटवर बसवले. बाई चपला न घालताच आल्या आणि मागे बसल्या. मालकांनी मला फूटपाथवरून खाली घेतले. पाच वर्षे मी अडवलेली ती वाट मोकळी झाली, तीही आजोबांना दवाखान्यात न्यायला.

मनगट मोडले होते. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर बसले. परत येताना गल्लीच्या तोंडाशी मालकांनी मला थांबवले आणि चाचरत विचारले, "बाई, मी... गाडी आता कुठे लावू?"

बाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. "लावा हो कुठंही. आता सकाळचं कोणी बाहेर पडणार नाही."

मालकांनी खाली उतरून बाईंसाठी मागचे दार उघडले, आजोबांना हाताला धरून घरात नेले आणि परत माझ्या सीटवर येऊन बसले. मग दाराच्या खणातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक करून वाचल्या. अकरा होत्या. शेवटच्या चिठ्ठीत फक्त एवढेच होते, 'आज ते आरशावर दोनदा आपटले.'

त्या संध्याकाळपासून मी नाक्यावरच्या मैदानात उभी राहते. तिथे गाड्यांसाठी पांढरे पट्टे आखलेले आहेत. घर तिथून सहा-सात मिनिटांवर. मालक डब्यांची पिशवी घेऊन चालत येतात, चालत जातात. पावसात भिजतात, पण कुरकुरत नाहीत.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर काढायला आजोबांना मीच नेले. ते खूप वाळले होते. बॉनेटला हात लावला नाही, माझ्याशी बोललेही नाहीत. परत येताना मालक म्हणाले, "आजोबा, उद्यापासून रोज सकाळी मी येतो. हाताला धरून बेकरीपर्यंत नेतो. अगदी रोज."

आजोबा मोकळ्या झालेल्या मनगटाला दुसऱ्या हाताने चोळत होते. "तुम्ही याल हो. चांगले आहात तुम्ही. पण मला सोबत नकोय, दातवाले. मला वाट हवीय."

दुसऱ्या दिवशी मालक रंगाऱ्याला मैदानाकडे घेऊन आले. दोघे माझ्याजवळच उभे राहून बोलत होते.

"इथं जागा आहे बघ. टेम्पो इथं लाव."

रंगारी हसला. "पाच वर्षं स्वतः वर चढवली, आणि आता मला शिकवता? एकदम संतच झालात की!"

"संत नाही रे. माझ्या गाडीमुळे पडले ते."

"आणि शिड्या, डबे इथून घरापर्यंत कोण वाहणार? तुम्ही?"

"वाहीन," मालक म्हणाले.

रंगाऱ्याला ते खरे वाटले नाही. पण मालक खरेच वाहू लागले. कवळ्या घडवणारी ती बोटे सकाळ-संध्याकाळ रंगाचे डबे उचलू लागली. दहा-बारा दिवसांनी रंगारीच कंटाळून म्हणाला, "ठेवा तो डबा, मी नेतो. लाज काढता राव." आता त्याचा टेम्पो बहुतेक दिवस माझ्या शेजारी असतो. बहुतेक. सगळे दिवस नाही. स्कूटरवाले तर ऐकूनच घेत नाहीत. मालक त्यांच्याकडे जातात, दार वाजवतात, कधी चहा मिळतो, कधी दार तोंडावर आपटते. ते दमतात. मला त्यांच्या बसण्यावरून कळते. दार ओढून घेतात आणि लगेच किल्ली फिरवत नाहीत.

मैदानातून बेकरीचे दार समोरच दिसते. किती तरी दिवस पाव न्यायला बाईच येत. मग एका सकाळी, सात वाजून सात-आठ मिनिटे झाली असताना, भिंतीच्या कडेने पांढरी काठी आली. पाठोपाठ आजोबा. एकटे. बाई गल्लीच्या तोंडाशी थांबून पाहत होत्या, पण पुढे आल्या नाहीत. आजोबांनी पाव घेतला, पिशवी मनगटाला अडकवली, बेकरीवाल्याशी काहीतरी बोलून हसले आणि आले तसे परत गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, कसे पाहणार? त्या सकाळी मालकांनी मला जरा जास्त वेळ पुसले.

तेव्हापासून ते येतात. पण रोज नाही. ज्या दिवशी येत नाहीत, त्या दिवशी मी समजते की वाटेत कोणाची तरी गाडी चढली आहे.

मित्रांनो, मी आता थकले आहे. माझी गाठ लवकरच भंगारवाल्याशी पडेल. तुम्ही अजून गाडी चालवत नाही, पण गाडीत बसता. गाडी फूटपाथवर चढू लागली की तुम्हाला आत बसून तो धक्का कळतो. तेव्हा गप्प बसू नका. "बाबा, इथं नको," एवढे म्हणा. आई चालवत असेल तर आईला म्हणा. थोडे चालावे लागेल, पाय दुखतील, कुरकुर करा हवी तर, पण चाला. आम्हा गाड्यांना नेतील तिथे जावे लागते आणि ठेवतील तिथे राहावे लागते. तुम्हाला तोंड आहे.

आज बेकरीचा पहिला पाव निघाला, दुकानापुढची रांग संपलीसुद्धा. सात वाजून वीस मिनिटे झाली आहेत. आजोबा अजून आलेले नाहीत.