तिसरा ड्राइव्ह

शैलाच्या घरचा सीडी ड्राइव्ह पहिल्यांदा बिघडला तेव्हा जगनला वाटलं, एका खेपेचं काम आहे. सहा महिन्यांत त्याच्या अकरा खेपा झाल्या.

जगन करी रोडला आईबरोबर राहायचा. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात चार वर्षं कॉम्प्युटर जोडायला शिकला आणि मग घरोघर जाऊन दुरुस्त्या करू लागला. त्याचे वडील, धोंडू, मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवायचे. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा जगन सात वर्षांचा होता. धोंडू शेवटपर्यंत कामावर गेला नाही. गावी गेला आणि तिथेच वारला. मागे उरलेल्या रखमाने शिवाजी पार्कच्या दोन घरांत भांडी घासून मुलाला बारावीपर्यंत शिकवलं. अजूनही ती त्या दोन घरी जायची. जगन म्हणायचा, आता बस झालं. ती म्हणायची, तुझं लग्न होऊ दे, मग सोडते.

शैलाचे वडील तात्या धोंडूच्याच साचेखात्यात होते. संपाच्या दुसऱ्या वर्षी ते गुपचूप कामावर गेले आणि मिल बंद होईपर्यंत टिकले. आता लालबागला त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि शैलाच्या कोर्ससाठी घेतलेला कॉम्प्युटर होता.

पहिल्या खेपेला ड्राइव्हचा ट्रे अडकला होता. जगनने पुढच्या बारीक भोकात पिन घालून तो बाहेर काढला, आतला सैल झालेला रबरी पट्टा बदलला. शैला शेजारी बसून बघत होती. "तुझ्यामुळे माझं वर्ष वाचलं," ती म्हणाली. तिची आई, कमळाबाई, चहा घेऊन आली. पैसे द्यायच्या वेळी मात्र ती हसली. "तुला काय परका समजायचं का रे?"

महिन्याभरात तो ड्राइव्ह कायमचा गेला. जगनने स्वतःच्या कॉम्प्युटरमधला काढून तिथे बसवला. त्या दिवशी शेजारणी दारात उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कमळाबाई म्हणाली, "जावई असावा तर असा. हाक मारली की हजर." शैला तोंडावर ओढणी धरून हसली. जगनच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला त्याला बराच वेळ लागला, कारण वर बघायचं धाडस होत नव्हतं.

पुढच्या खेपेला कमळाबाईने विचारलं, "पत्रिका आहे का रे तुझी? आण एकदा. बघून ठेवते."

रखमाने ट्रंकेतून पत्रिका काढली, पाकिटात घातली आणि पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. मग चाळीत सगळ्यांना सांगून आली.

त्यानंतर कधी प्रिंटर अडायचा, कधी माऊस, कधी व्हायरस. जगन जायचा. चहा मिळायचा, पत्रिकेविषयी कुणी काही बोलायचं नाही. तोही विचारायचा नाही. मुलीकडच्यांना घाई नसते, असं रखमाचं म्हणणं.

मे महिन्यात, एका शनिवारी, शेजारच्या फोनवर कमळाबाईचा निरोप आला. "ड्राइव्ह पुन्हा बंद पडलाय. उद्या दुपारी नवीनच घेऊन ये. आणि जरा बरे कपडे घालून ये हं, पाहुणे यायचेत."

जगनने हे जसंच्या तसं आईला सांगितलं. रखमाने हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"पावणे? मगे बोलणीच असतली," ती म्हणाली. "तू फुडे जा. माका बोलावल्यान तर निरोप धाड. मी तयार बसतंय."

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. दारात तोरण होतं. आत कमळाबाई नवीन साडीत, शैलाच्या हातावर मेंदी. ती मेंदी जुनी होती, फिकट पडत आलेली. जगनच्या ते लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

"लवकर कर बाबा," कमळाबाई म्हणाली. "पाच वाजता येतील ती माणसं. साखरपुड्याच्या फोटोंची सीडी आणणार आहेत शैलाच्या सासरचे. त्यांच्यासमोर लावायची आहे आणि नेमका हा मेला बंद."

जगन उभाच राहिला. "कुणाचा साखरपुडा?"

"अगं बाई, तुला सांगितलंच नाही का? गेल्या रविवारी झाला, दादरला. मुलगा इंजिनिअर आहे, ठाण्याला स्वतःचा ब्लॉक." तिने पंख्याचं बटण दाबलं. "बस, उकडतंय ना."

तो बसला. आणखी काय करायचं, ते त्याला सुचलं नाही. कॉम्प्युटरचा डबा पुढे ओढायला त्याने टेबल जरा उचललं, तेव्हा टेबलाच्या आखूड पायाखालून चौघडी केलेलं पाकीट सरकलं. कोपऱ्याला हळद होती. टेबल डगमगू लागलं.

"अरे, ते काढू नको," शैला म्हणाली. "मॉनिटर हलतो मग."

जगनने पाकीट परत पायाखाली सारलं. चार स्क्रू काढले, वायर सोडवली, जुना ड्राइव्ह बाहेर घेतला. तो त्याचाच होता. नवीन आत सरकवला, वायर लावली, स्क्रू पिळले. ट्रे एका बोटाच्या स्पर्शाने बाहेर आला. शैलाने टाळी वाजवली.

पाहुणे आले तेव्हा तो निघायला उठला, पण शैला आईला म्हणाली, "आई, त्याला थांबव ना. मधेच अडकलं तर?"

मग जगनला स्टुलावर बसवण्यात आलं. एकेक फोटो पुढे करायचं काम त्याच्याकडे आलं. अंगठी घालताना, पेढा भरवताना, मुलगा शैलाच्या कानाशी काही बोलताना. "जरा मागे घे रे," कुणी म्हणालं की तो मागे घ्यायचा. दीडशे फोटो होते.

"हा कोण?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"हा आमचा कॉम्प्युटरवाला," कमळाबाई म्हणाली. "फार गुणी आहे. याची आई शिवाजी पार्कला भांडी घासते, पण मुलाला बघा कसं शिकवलंय."

"वा वा," ते म्हणाले आणि पेढ्यांचा बॉक्स जगनपुढे धरला. त्याने एक पेढा घेतला.

तो जिना उतरत असताना तात्या मागून आले. संध्याकाळभर ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. कठड्याला धरून उभे राहिले.

"ड्राइव्हचे किती झाले?"

"पत्रिका घेतली होती काकींनी," जगन म्हणाला. "आई वाट बघत बसलीय घरी."

तात्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी चष्मा वर केला आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"अरे, तुला खरंच वाटलं होतं काय?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखरचं नवल होतं. जगन उरलेल्या पायऱ्या उतरला आणि चालत करी रोडला गेला.

रखमा पलंगाच्या कडेला बसली होती. धोंडूने संपाआधीच्या दिवाळीला घेतलेलं हिरवं लुगडं तिने नेसलं होतं, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. लुगडं चुरगळू नये म्हणून दुपारपासून ती पाठ टेकून बसली नव्हती.

"काय म्हणाली रे? माका कधी बोलावल्यान?"

जगन दारात थांबला. खरं सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण आई त्याच्याकडे अशा नजरेने बघत होती, की जणू तो इंजिनिअर आहे, ठाण्याला त्याचा ब्लॉक आहे. त्या नजरेसमोर आपल्याला कुणी जावई म्हणून धरलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडून निघेना. आणि आतला राग कुठेतरी काढायला हवा होता.

"मी पसंत होतो," तो म्हणाला. "सगळ्यांना. शैलालासुद्धा. तुझ्यामुळे नाही म्हणाले."

रखमाने पदर सावरला.

"भांडी घासणारीच्या घरात मुलगी द्यायची नाही म्हणाले. मी काय बोलणार?"

"त्यांका कोणी सांगितल्यान?" तिने हळू विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे, आई. तू त्या घरांच्या गेटातून आत जाताना दिसत नाहीस काय कुणाला?"

ती उठली. आतल्या बाजूला जाऊन तिने लुगडं बदललं, घडी घातली, आणि त्याला भात वाढला. तो जेवला. एकदा मान वर करून खरं सांगावं असं त्याला वाटलं, पण तोपर्यंत ती पाठ फिरवून ताटं विसळत होती.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही घरची कामं सोडली. चाळीत कुणाकडे बसायला जाणंही सोडलं. जगनचं कुणी गिऱ्हाईक घरी आलं की ती नळावर जाऊन उभी राहायची.

दोन वर्षांनी परळच्या एका घरून स्थळ आलं. मुलीचं नाव गुणवंती. मुलीकडची माणसं करी रोडला घर बघायला आली तेव्हा रखमाने शिरा करून बशा भरल्या आणि त्या बाहेर आणल्या. गुणवंतीच्या आईने बशी घेताना विचारलं, "तुम्ही मुलाच्या आई ना?"

"नाय, नाय," रखमा घाईने म्हणाली. "आई गावाक असता. मी मावशी. कामाक मदत करूक इलंय."

त्या बाईने जगनकडे बघितलं.

त्याने चमचाभर शिरा तोंडात घातला.

"हो," तो म्हणाला. "मावशी."